डेस्कटॉपचा वर्ग इन्स्टॉलरपासून सुरू करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वेब आणि मोबाइल ॲप शिकवणाऱ्या वर्गांच्या पाट्या सोलापुरात सात रस्त्यापासून जुळे सोलापूरपर्यंत दिसतात. पण मार्केट यार्डातल्या अडत्याच्या गादीवर, अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या पॅकिंग खात्यात, साखर कारखान्याच्या काट्यावर जाऊन पाहा. तिथल्या संगणकावर बहुधा डेस्कटॉप प्रोग्रामच, म्हणजे ब्राउझरशिवाय त्याच मशीनवर चालणारा प्रोग्राम, चालू असतो. कोणीतरी बारा-पंधरा वर्षांपूर्वी लिहिलेला, आणि आता हात लावायला कोणी धजत नाही असा. इंटरनेट गेले म्हणून कांद्याचा लिलाव थांबत नाही, उसाची ट्रॉली काट्यावरून मागे घेता येत नाही. शिवाय काटा, लेबल प्रिंटर ही मंडळी ब्राउझरशी सहसा सरळ बोलत नाहीत.

हे प्रोग्राम नव्याने लिहू शकतील असे लोक गावात आहेत. पुण्याहून परतलेले, घरून काम करणारे, चार-सहा वर्षे वेबवर हात बसलेले. त्यांना प्रोग्रामिंग येते; डेस्कटॉप येत नाही. आणि त्यांना शिकवायला बसणारा प्रशिक्षक पहिले चार दिवस बटण, टेक्स्टबॉक्स, ग्रिड दाखवण्यात घालवतो, तिथेच वर्ग फसतो. बटण त्यांचे ते अर्ध्या तासात शिकतात. ब्राउझर आणि सर्व्हर मिळून जी कामे परस्पर उरकत होते, ती आता आपल्या गळ्यात आहेत, हे त्यांना कोणी सांगत नाही. म्हणून हा वर्ग उलट्या टोकाने, ग्राहकाच्या मशीनपासून कोडकडे, शिकवावा असे आम्हाला वाटते.

पहिल्या दिवशी एक रिकामी खिडकी आणि तिच्यात फाइलीत नोंद लिहिणारे एक बटण, एवढाच प्रोग्राम करावा. मग त्याचा इन्स्टॉलर, म्हणजे प्रोग्राम मशीनवर बसवणारी सेटअप फाइल, बनवून शेजाऱ्याच्या मशीनवर चढवावा. प्रोग्राम मात्र ॲडमिनिस्ट्रेटर नसलेल्या, साध्या खात्यातून चालवून पाहावा. निम्मे लोक इथेच अडकतात. कारण प्रोग्रामने आपली डेटाफाइल स्वतःशेजारी, म्हणजे ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये, लिहायचा प्रयत्न केलेला असतो आणि साध्या खात्याला तिथे लिहायची मुभा नसते. जुन्या ३२ बिटी प्रोग्रामांत तर याहून वाईट होते. विंडोज चूक दाखवतच नाही, गुपचूप त्या वापरकर्त्याच्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’मध्ये वेगळी प्रत करते. मग मालकाच्या लॉगिनमध्ये एक हिशेब आणि दिवाणजीच्या लॉगिनमध्ये दुसरा. एका माणसाचा डेटा ‘लोकल ॲपडेटा’त ठेवावा. सगळ्यांचा सामायिक असेल तर ‘प्रोग्रामडेटा’त ठेवावा, आणि त्या फोल्डरचे हक्क इन्स्टॉलरनेच द्यावेत.

त्याच दिवशी दुसरी आवृत्ती पहिलीवर चढवून पाहावी. इन्स्टॉलरमध्ये प्रोग्रामची ओळख सांगणारा एक क्रमांक असतो: इनो सेटअप या साधनात ‘ॲपआयडी’ आणि विंडोजच्या एमएसआय पद्धतीत ‘अपग्रेड कोड’. तो प्रत्येक आवृत्तीत तोच राहिला पाहिजे. बदलला तर कंट्रोल पॅनेलमध्ये एकाच प्रोग्रामच्या दोन नोंदी दिसतात. चालू असलेली एक्सई फाइल विंडोज बदलू देत नाही, तेव्हा अपडेट आधी प्रोग्राम बंद करतो की नाही हे प्रत्यक्ष पाहावे. डिजिटल सही नसलेल्या, इंटरनेटवरून उतरवलेल्या सेटअपवर विंडोजच्या स्मार्टस्क्रीन सुरक्षेचा निळा इशारा येतो. १ जून २०२३ पासून सहीच्या प्रमाणपत्राची खासगी किल्ली हार्डवेअर टोकनमध्ये किंवा तसल्याच सुरक्षित उपकरणात ठेवावी लागते, म्हणजे ती खर्चाची बाब झाली. वर्गासाठी स्वतःच तयार केलेले प्रमाणपत्र पुरते. मात्र सही करताना टाइमस्टॅम्प घ्यायची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. तो नसेल तर प्रमाणपत्राची मुदत संपली की जुने सेटअपही बिनसहीचे ठरते.

आता सगळ्यात रुजलेली सवय. वेबवर एक विनंती येते, उत्तर जाते, स्मृती मोकळी होते. पुढची विनंती कोऱ्या पाटीवर. डेस्कटॉप प्रोग्राम सकाळी नऊला उघडतो आणि रात्री नऊला बंद होतो. गाळप हंगामात काट्यावरचा तर आठवडेच्या आठवडे बंद होत नाही. तेव्हा बिलाची खिडकी उघडताना एखाद्या सामायिक ऑब्जेक्टच्या इव्हेंटला (घडामोडीला) जोडलेला हँडलर, म्हणजे ती घडली की चालणारा कोड, खिडकी बंद करताना सोडवला नाही, तर बंद झालेली खिडकी स्मृतीतून जात नाही. दिवसाला ३०० बिले म्हणजे ३०० भुतं. विंडोजमध्ये एका प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रामला, जीडीआय हँडलची (पडद्यावर चित्रे-अक्षरे रंगवायला लागणाऱ्या साधनांची) नेहमीची मर्यादा १०,००० आहे. ती गाठली की चिन्हे काळी पडतात, अक्षरे उमटत नाहीत, आणि हे सगळे नेमके संध्याकाळच्या गर्दीत. टास्क मॅनेजरमध्ये ‘जीडीआय ऑब्जेक्ट्स’चा रकाना दिसेल असा करून द्यावा आणि एकच खिडकी २०० वेळा उघडून-मिटून आकडा मूळपदावर येतो का ते पाहायला लावावे. वर्गातल्या दोन तासांच्या व्याख्यानापेक्षा हा एक आकडा जास्त शिकवतो.

दुसरी गाठ थ्रेडची, म्हणजे प्रोग्राममध्ये एकापाठोपाठ एक कामे करणाऱ्या धाग्याची. खिडकी रंगवणे, माउस, कीबोर्ड, सगळे एकाच थ्रेडवर चालते. तो थ्रेड डेटाबेसची किंवा काट्याची वाट पाहत बसला की खिडकी गोठते. पाच सेकंद संदेश उचलले नाहीत तर विंडोज मथळ्यावर ‘नॉट रिस्पाँडिंग’ लिहून मोकळी होते. गिऱ्हाईक समोर उभे असते, माणूस दोन-चारदा क्लिक करतो, गोठण सुटल्यावर ते सगळे क्लिक एकदम लागू होतात आणि एकाच मालाची तीन बिले निघतात. त्यामुळे काम पाठीमागच्या थ्रेडवर द्यायचे, बटण तेवढ्यापुरते निष्क्रिय करायचे, एका सेकंदापेक्षा जास्त लागणार असेल तर काहीतरी हलताना दाखवायचे आणि दहा सेकंदांच्या पुढे जाणार असेल तर ‘थांबवा’ची सोय द्यायची.

इथे सी शार्पवाल्यांना एक खास खड्डा आहे. असिंक्रोनस (निकाल नंतर देणाऱ्या) फंक्शनचा ‘रिझल्ट’ जागच्या जागी मागणे ही वाईट सवय वेबच्या एएसपी डॉट नेट कोअरवर वर्षानुवर्षे खपून जाते, कारण तिथे परत येण्यासाठी ठरावीक थ्रेड नसतो. विनफॉर्म्स किंवा डब्ल्यूपीएफ या डेस्कटॉप खिडक्या बनवायच्या साधनांमध्ये तीच ओळ प्रोग्राम कायमचा गोठवते. खिडकीचा थ्रेड निकालाची वाट पाहतो आणि निकाल खिडकीचा थ्रेड मोकळा होण्याची. बटणापासून खालपर्यंत ‘अवेट’ करत, म्हणजे थ्रेड न अडवता निकालाची वाट पाहत, जाणे हाच उपाय. उलट दिशेची चूकही होते. पाठीमागच्या थ्रेडवरून थेट लेबलचा मजकूर बदलला की विनफॉर्म्स डीबगरखाली अपवाद फेकते (चूक दाखवते); डीबगरशिवाय, तसेच जावाच्या स्विंग किंवा सी++ च्या क्यूटीमध्ये मात्र कधी चालते, कधी कोसळते. ‘कधी चालते’ हे जास्त घातक, कारण वर्गात ते चालतेच.

डेटाबाबत आमचा आग्रह साधा आहे. एकाच मशीनवरचे काम असेल तर एकाच फाइलीत बसणारा डेटाबेस, एसक्यूलाइट. दोन मशीन झाली की सर्व्हरवर चालणारे पोस्टग्रेस किंवा एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस. एसक्यूलाइटची फाइल शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवून तीन काउंटरवरून उघडणे हा शॉर्टकट जवळजवळ प्रत्येकाला सुचतो. नेटवर्कवरच्या फाइलींचे लॉकिंग भरवशाचे नसते, फाइल कधीतरी बिघडते. वेगासाठी डब्ल्यूएएल (‘वाल’) पद्धत, म्हणजे बदल आधी शेजारच्या वेगळ्या फाइलीत लिहिणे, चालू करतात, तीही सगळ्या प्रोसेस एकाच मशीनवर असतील तरच चालते. शिवाय तिच्यात ‘सिंक्रोनस’ (नोंद डिस्कवर पक्की होण्याची वाट किती पाहायची ते ठरवणारी सेटिंग) ‘नॉर्मल’वर ठेवले, तर वीज गेल्यावर फाइल बिघडत नाही, पण शेवटच्या काही नोंदी पुसल्या जाऊ शकतात. काट्याची पावती छापली आणि नोंद गेली, असे चालेल का? तिथे ‘फुल’च ठेवावे. आणि रोजचा बॅकअप म्हणून नुसती मुख्य फाइल पेनड्राइव्हवर ओढू नये. ताज्या नोंदी शेजारच्या ‘वाल’ फाइलमध्ये असतात, त्या मागे राहतात. एसक्यूलाइटच्या ‘व्हॅक्युम इनटू’ आज्ञेने प्रत काढावी किंवा तिची बॅकअपची सोय (एपीआय) कोडमधून वापरावी. टेबलांची रचना कोणत्या आवृत्तीची आहे हे एसक्यूलाइटच्या ‘युजर व्हर्जन’ या सेटिंगमध्ये (प्रॅग्मामध्ये) लिहावे आणि प्रोग्राम उघडताना एकेक पायरी वर न्यावी. कारण ग्राहक मधल्या तीन आवृत्त्या गाळून चौथी चढवतो. वेबवर असा प्रसंग येतच नाही.

बिलाचा क्रमांक हाही डेटाचाच प्रश्न. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे तो सलग, आर्थिक वर्षात एकमेव आणि १६ अक्षरांपर्यंतचा हवा. पण मालिका एकापेक्षा जास्त चालतात. म्हणून प्रत्येक काउंटरला स्वतःचे पूर्वाक्षर आणि स्वतंत्र मालिका द्यावी, म्हणजे जोडणी तुटली तरी दोन्हीकडे काम सुरू राहते. बिल खोडायचे नसते, ‘रद्द’ अशी खूण करून क्रमांक तसाच ठेवायचा असतो.

काटा जोडण्याचा भाग सगळ्यात रंगतो, आणि हवा तेवढा वेळ द्यावा असाही हाच भाग आहे. काट्याचे वजन दाखवणारे बहुतेक इंडिकेटर आरएस-२३२ या सीरियल जोडणीवर बोलतात. वेग, बिट, पॅरिटी हे इंडिकेटरच्या पुस्तिकेत पाहून जुळवावे. २४०० आणि ९६०० हे वेग नेहमीचे. वजनाची ओळ एकसंध येते हा पहिला भ्रम. ‘१२४५०’ कधी ‘१२४’ आणि ‘५०’ अशी दोन तुकड्यांत येते, आणि ओळीच्या शेवटाची खूण मिळेपर्यंत थांबले नाही तर जवळजवळ साडेबारा टनांची ट्रॉली १२४ किलोची होते. डॉट नेटमध्ये ‘डेटा रिसीव्ह्ड’ इव्हेंट खिडकीच्या थ्रेडवर येत नाही, म्हणजे वरची थ्रेडची गाठ इथे पुन्हा लागते. काही इंडिकेटर ओळीच्या सुरुवातीला वजन स्थिर आहे की हलते आहे याची अक्षरे देतात, ती वाचावीत. जे देत नाहीत, त्यांच्यासाठी सलग पाच वाचने सारखी आली तरच वजन स्थिर धरावे. आणि सीरियल नंबर नसलेला स्वस्त यूएसबी कन्व्हर्टर झाडलोट करताना काढून शेजारच्या खाचेत खुपसला की पोर्टचा क्रमांक बदलून कॉम ३ चा कॉम ७ होतो. पोर्टचा क्रमांक कोडमध्ये गाडला असेल तर ग्राहकाचा फोन ठरलेलाच. पोर्ट निवडायची खिडकी द्या, आणि तिच्यात येणारा कच्चा मजकूर दिसू द्या. निम्म्या तक्रारी फोनवरच मिटतात.

स्कॅनरची गंमत वेगळी. तो स्वतःला कीबोर्ड म्हणवतो. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू असताना टॉवेलच्या लेबलवरचा कोड स्कॅन केला की इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी उमटते आणि ‘माल सापडला नाही’ असा संदेश येतो. कोडच्या रकान्यात येताच भाषा इंग्रजी करावी, किंवा स्कॅनरलाच सीरियल पद्धतीवर टाकावे. शेवटी तो एंटर पाठवतो हेही लक्षात ठेवा; फोकस ‘जतन करा’ बटणावर असेल तर अर्धवट बिल जतन होते.

मराठी छपाईवर एक पूर्ण रविवार खर्च व्हावा. ८० मिमीच्या थर्मल प्रिंटरला पावती-प्रिंटरच्या ईएससी-पॉस आज्ञांनी थेट मजकूर पाठवला तर त्याच्या आतल्या अक्षरसंचांत देवनागरी सहसा नसतेच. विंडोजच्या ड्रायव्हरमार्फत निर्मला यूआयसारखा फाँट वापरून छापावे, किंवा पावतीचे चित्र करून पाठवावे. २०३ डीपीआयच्या अशा प्रिंटरवर रुंदी ५७६ ठिपक्यांची मिळते. मजकूर कापताना ‘सोलापूर’ डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो. युनिकोडमध्ये ती सात चिन्हे आणि यूटीएफ-८ मध्ये २१ बाइट होतात. पाच चिन्हांवर कापला की ‘सोलाप’. आणि ‘कऱ्हाड’ शोधून पाहायला सांगा. त्यातला ऱ एका चिन्हाने लिहिता येतो, र आणि नुक्ता (खालचा टिंब) मिळून लिहिता येतो, किंवा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह अशा तिसऱ्या रीतीनेही. कागदावर तिन्ही सारखे, शोधात तीन वेगळी गावे. पहिल्या दोन रीती युनिकोडच्या एनएफसी सामान्यीकरणाने (एकच रूप देण्याने) एक होतात. तिसरी होत नाही, ती जतन करण्याआधी आपणच बदलावी लागते. जुना डेटा श्रीलिपीसारख्या बिगर-युनिकोड फाँटात असेल तर रूपांतराचे काम वेगळे धरा, वेगळे पैसे सांगा.

पडद्याच्या रचनेबद्दल पुस्तकी तत्त्वे पुष्कळ आहेत, पण आपल्याकडच्या दिवाणजीचा हात टॅलीवर बसलेला आहे हे एक कळले तरी खूप झाले. तो एंटरने पुढच्या रकान्यात जातो, एफ८ ला विक्री आणि एफ५ ला पेमेंट अपेक्षितो, माउसला क्वचित हात लावतो. वेबवरून आलेला प्रोग्रामर एंटर म्हणजे ‘सबमिट’ समजतो. तेवढ्या एका फरकाने चांगला प्रोग्राम पहिल्या दिवशी नाकारला जातो. ‘नक्की पुसायचे का?’ या प्रश्नाला माणूस न वाचता ‘होय’ म्हणतो. त्यापेक्षा पुसू द्या आणि पूर्ववत करायची सोय द्या. खिडकीचा आकार १३६६ बाय ७६८ च्या पडद्यावर १२५ टक्के स्केलिंग ठेवून तपासा. तिथे प्रत्यक्षात १०९३ बाय ६१४ एवढीच जागा असते, त्यातून टास्कबार वजा. ‘जतन करा’ बटण त्या पट्टीखाली गेलेले प्रोग्राम कमी नाहीत. इथे ऑपरेटर तेलुगू आणि कन्नड बोलणारेही असतात, तेव्हा खिडकीतले शब्द कोडबाहेरच्या फाइलीत ठेवा आणि लेबलांना तृतीयांश जास्त जागा सोडा.

कोणते साधन, यावर वर्गात भांडणे होतात. आमचे मत: विंडोजवरच्या नोंदी-पावतीच्या कामाला विनफॉर्म्स आजही पुरते, आणि त्यात कमीपणा काही नाही. डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ हे विंडोज १० च्या २०१९ मधल्या आवृत्तीपासून आतच असते, त्यामुळे सेटअप काही एमबींत बसते. वेबच्या तंत्राने डेस्कटॉप प्रोग्राम बनवणारा इलेक्ट्रॉन प्रत्येक प्रोग्रामबरोबर अख्खा क्रोमियम ब्राउझर घेऊन येतो. ४ जीबी रॅमच्या गादीवर ते जड जाते. पायथनवाल्यांनी एकाच फाइलीचे पॅकेज टाळावे. ते दरवेळी टेंप या तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडते, सुरू व्हायला वेळ लावते आणि अँटिव्हायरसला संशयास्पद वाटते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला, तरी दुकानांतली यंत्रे एका रात्रीत बदलत नाहीत; विंडोज १० आणि ११ दोन्हींवर तपासा.

व्यवस्था फार मोठी लागत नाही. किमान तीन वर्षे काम केलेले १२ जण, दोन प्रशिक्षक, दहा रविवार, दर रविवारी सहा तास. सहा जुनी यंत्रे, दोन वजनाचे इंडिकेटर, एक थर्मल आणि एक लेबल प्रिंटर, दोन स्कॅनर. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी रविवारी प्रयोगशाळा द्याव्यात अशी विनंती आहे. फक्त जिथे यंत्र बंद करताच सगळे पूर्ववत होते अशी लॅब नको, तिथे इन्स्टॉलर आणि अपडेट शिकवताच येत नाही. दुसऱ्या रविवारी कोड बंद: प्रत्येकाने यार्डात किंवा पॅकिंग खात्यात दोन तास बसून एका माणसाच्या एका पावतीला किती वेळा कळ दाबावी लागते आणि किती सेकंद लागतात ते वहीत मोजावे. शेवटच्या रविवारी नवे काही शिकवू नये. यूपीएस काढावा, प्रोग्रामने ‘जतन झाले’ म्हणताच प्रशिक्षकाने वायर उपटावी, असे दहा वेळा करावे आणि दहाही नोंदी सापडतात का पाहावे. चूक झाली तर तिची तारीख-वेळेसह नोंद लॉग फाइलीत आहे का, तेही पाहावे; इथे सर्व्हरचा लॉग उघडून बघायची सोय नाही.

वर्ग उन्हाळ्यात घ्यावा. गाळप तोवर आटोपलेले असते, काट्यावरच्या माणसाला बोलायला सवड असते, आणि नव्या हंगामाच्या आधी तीन-चार महिने प्रोग्राम जुन्या नोंदींवर चालवून पाहता येतो. हंगाम सुरू झाल्यावर काट्याच्या संगणकाला कोणी हात लावू देणार नाही, आणि देऊही नये.

आपले,
डेस्कटॉप सॉफ्टवेअरचे काम करणारे काही वाचक,
सोलापूर